नाकापाशी बोट

तुम्ही हसाल, पण लेकरू झोपलं की त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास पाहायची मला सवयच लागली आहे. त्या सवयीनं एकदा कामावर माझी फजिती केली.

रविवारी धावण्याची शर्यत होती. कोराडीहून पहिली बस धरून गेले. बायांच्या तंबूत धावून आलेल्यांचे पाय चोळायचं काम. काम देणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, "हलक्या हातानं चोळ. अन् कोणी गप्प पडली तर लगेच मले हाक मार." बाळाच्या दातांपायी चार दिवस माझी झोप झाली नव्हती, हात गळून गेले होते.

माझ्याच वयाची एक बाई येऊन पालथी पडली. पोटऱ्या नुसत्या दगड. चोळता चोळता दोन शब्द बोलली अन् मग एकदम गप्प.

"ताई, दुखते का?"

उत्तर नाही. पाय हलवून पाहिला, तरी नाही. मॅडम कुठं दिसेनात. वाकून तिच्या नाकापाशी बोट धरलं.

तिनं एक डोळा उघडला. "काय करून राहिल्या?"

"श्वास पाहून राहिली."

"झोपली होती मी. घरी दीड वर्षाचे जुळे आहेत. काहून उठवलं वं?"

तिनं डोळा मिटून घेतला. तेवढ्यात रांगेतली एक पोरगी म्हणाली, "ताई, अजून किती टाइम?"

मी त्या बाईच्या पाठीवर पंचा पांघरला अन् म्हटलं, "एक पाय बाकी आहे वं."

दोन्ही केव्हाच झाले होते.