हेमांगदांच्या पायाशी ठेवलेली पिशवी

सभेचे अध्यक्ष प्राध्यापक भादुरीमहाशय, श्रीमंजरी ऑपेरा या आमच्या नाटक कंपनीचे मालक बंकूबाबू सांफुई, मंचावरचे मान्यवर, उद्याच्या रथयात्रेला जात्रा-नाटकांच्या सुपाऱ्या द्यायला बांकुडा-मेदिनीपूरहून आलेली गावकरी मंडळी, चितपूरच्या नाटक कंपन्यांतले माझे नटबंधू-भगिनी, आणि ज्यांना आपण आज निरोप देतोय असं मागच्या कापडावर लिहिलंय ते आम्हा सगळ्यांचे दादा, नाटककार हेमांगदा सरखेल, सर्वांना गोष्ठ मान्नाचा नमस्कार.

हेमांगदांना शाल घालून चार शब्द बोलायचं काम बंकूबाबूंनी मघाशी इथे आल्यावर माझ्याकडे दिलं. जाता जाता म्हणाले, "गोष्ठ, गोड बोल हं." प्रयत्न करतो.

अध्यक्षमहाशय, आपलं भाषण सुरेख झालं. फक्त एक दुरुस्ती. दादांचं पहिलं नाटक राजा-राणीचं नव्हतं, मीठ पिकवणाऱ्या मलंग्यांचं होतं. त्यात राजा येतो तो मीठ चोरायला. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. वाचायला शिकलो ते त्याच नाटकाच्या नकलांवर. म्हणून लक्षात आहे.

माझं काम विवेकाचं. दरबारात अन्याय सुरू झाला की विवेक गात गात मंचावर येतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, आणि राजाच्या शिपायालाही तो अडवता येत नाही. दादांच्या प्रत्येक नाटकात विवेक होता. बंकूबाबूंनी तो गेल्या दोन हंगामांत कापला. तिथे आता नाच असतो. असो. नाचणाऱ्या मुलींबद्दल माझी तक्रार नाही, त्या मेहनत करतात.

आज सकाळी दादा काटोयाहून माझ्या घरी उतरले. अंगावर कडक इस्त्रीचं धोतर, खांद्याला पिशवी, पिशवीत नव्या नाटकाची वही. म्हणाले, "गोष्ठ, बंकूने बोलावलंय रे. नवं नाटक ऐकायचं म्हणतो. चार माणसं जमवतोय." वहिनींनी मिठाच्या गुळण्या करायला बजावलं होतं, त्या केल्या. कुरमुरे पुढे ठेवले तर नको म्हणाले. घशात कण अडकतो. पहिला प्रवेश मला दोनदा वाचून दाखवला. मग आम्ही इथे आलो, आणि दारातून हे कापड दिसलं.

"हा निरोप कुणाचा रे?" दादांनी विचारलं.

मी बंकूबाबूंकडे पाहिलं. उत्तर त्यांनी दिलं. "तुमचाच, दादा. किती लिहिणार? आता घरी बसा, नातवंडं खेळवा."

"मग आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

बंकूबाबू, मान खाली घालू नका, मी शब्दही बदललेला नाही. आणि नातवंडं कुठली? दादांना मूलबाळ नाही. ज्या माणसाच्या नाटकांवर तुमची तीन मजली इमारत उभी राहिली, त्याच्या घरात माणसं किती, एवढंही ठाऊक नसावं?

घाई कशाची, तेही सांगतो. उद्या ही गावकरी मंडळी विचारणार, "सरखेलबाबूंचं नवं काय?" दरवर्षी विचारतात. त्यांना उत्तर हवं ना? म्हणून रथाच्या आदल्या दिवशी हा सोहळा. म्हातारा निवृत्त झाला, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात, आता नाच घ्या. जिवंत माणसाचं श्राद्ध घालायचं, आणि त्यालाच पहिल्या पंगतीला बसवायचं, ही रीत कुठली हो?

तर ही शाल मी घालणार नाही. तिची घडी मोडलेली नाही. दुकानदार परत घेईल. कंपनीच्या उद्याच्या जाहिरातीत माझंही नाव नसेल, हे मला कळतं. बायकोला मघाशीच कळवलंय.

गावकरी मंडळी, सामोसे आणि चहा तयार आहे, पण जरा बसून दादांचं नवं नाटक ऐका. नाटक पसंत पडलं नाही तर तसं तोंडावर सांगा. दादांना ते चालतं. न ऐकता घरी पाठवलेलं मात्र चालत नाही, आणि ते मलाही चालत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सभागृह, फुलं आणि चहा बंकूबाबूंचा, त्यांचेही आभार. थोरामोठ्यांसमोर माझा आवाज चढला, त्याची क्षमा असावी. जे बोललो त्याची क्षमा मागत नाही.

माइकवाले भाऊ, माइक जरा खाली घ्या, दादा बसून वाचतील. दादा, पिशवी तुमच्या पायाशी आहे. चष्मा वरच ठेवलाय.