पोर्शनच्या पुढची मुलगी

सुलू, मागे मी गंगेवरच्या महादेवाला सोळा सोमवारांचा नवस बोलले होते, आठवतं? आमच्या सईच्या शाळेनं आठवीपासून इतिहासाची ‘ऑनर्स’ बॅच काढली, तिथे तिचा नंबर लागावा म्हणून. पत्रकावर ठळक छापलेलं, ‘प्रश्न विचारणारी मुलं हवीत.’

मुलाखतीत सरांनी पुस्तकातला एका लढाईचा धडा तिच्यापुढे उघडला नि म्हणाले, “बेटा, विचार एखादा प्रश्न.”

सई म्हणाली, “सर, या लढाईचं वर्णन लिहिलं कोणी? जिंकलेल्यांनी की हरलेल्यांनी?”

सरांनी पुस्तक चाळलं, गाईड चाळलं. मग माझ्याकडे वळले. “ताई, मुलगी हुशार आहे, पण पोर्शनच्या पुढे जाते. हे नववीत आहे.”

नंबर लागला नाही. पोर रात्रभर रडली. तरी मी सोमवार धरले. म्हटलं, महादेवा, बॅच राहू दे, हिचे प्रश्न तेवढे टिकव. पहिल्याच सोमवारी कहाणी वाचताना तिनं विचारलं, “आई, ही कोणी लिहिली?” ओठांवर आलेलं “गप्प बस” मी गिळलं. म्हणाले, “माहीत नाही गं, शोधूया.”

आता तुझा रोहन सातवीत गेलाय. तूही सोमवार धर. उपास नाही झेपला तरी चालेल, पण त्यानं काही विचारलं तर “हे नववीत आहे” एवढं म्हणू नकोस.