जिभेखालचा खडा आणि डॉक्टरांचे चिंचोके

सभेचे अध्यक्ष माननीय नानासो, व्यासपीठावर बसलेले हेडमास्तर, आपले नवे डॉक्टर, आज आपण ज्यांना निरोप देतोय ते गोपाळकृष्ण डॉक्टर, आणि खाली दाटीनं बसलेल्या उंब्रजच्या समस्त मंडळींनो, मी राहीबाई हात जोडून सगळ्यांना रामराम करते. माझं शिकणं दुसरीपर्यंतचं. मोठे शब्द हेडमास्तरांनी बोलून झालेत. मी एका खड्याची गोष्ट सांगते. दोन वर्षं तो माझ्या जिभेखाली बसून होता. आज या कुंकवाच्या करंड्यात घालून आणलाय.

आमचं गुऱ्हाळ तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, उकळत्या रसाच्या फेसाचा रंग दिसेना. तेव्हापासून गुळाची काहील चुलाण्यावरनं कधी उतरवायची हे माझी जीभ सांगते. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी जिभेवर धरायची. मी मान हलवली की मालक हाळी देणार, उतरवा. माझं तेवढंच एक ते ऐकतात, म्हणून मलाही त्याची हौस.

नेमकं तिथंच दुखणं आलं. गोळी जिभेवर ठेवली की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ फुगायची, कळ कानात शिरायची. तासाभरानं आपोआप उतरायची. जेवतानाही तेच. उपासाला मात्र काही नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई मनुबाई, त्या बघा खांबाला टेकून बसल्यात, त्यांनी निदान केलं, "देवाला उपास हवा हाय, राही." सोमवार होताच. गुरुवार धरला, शनिवार धरला, तेही पाण्याशिवाय. गाठ दिसेना, आम्ही नारळ फोडला. उपास सोडायला बसले, तर पहिल्याच घासाला गाठ हजर.

मग गेले या गोपाळकृष्ण डॉक्टरांकडं. उपासाचं ऐकून ते हसले नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला, लिंबाची फोड चोखायला लावली आणि जीभ उचलून बघा म्हणाले. आपल्या जिभेखाली दोन बाजूंना दोन झरे असतात, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? साठ वर्षं हे तोंड वाजवतेय, मला नव्हतं. डावीकडून पाणी झुळझुळ येत होतं, उजवीकडं कोरडं. मी चार वेळा फोड मागून घेतली, नुसतं बघायला. डॉक्टर म्हणाले, उजव्या झऱ्याच्या पाटात खडा अडकलाय. तोंडाला पाणी सुटलं की मागं तुंबतं. उपासाला पाणी सुटत नाही म्हणून गाठ नाही, पण पाट कोरडा ठेवला तर खडा वाढायला उलट सोयीचंच. त्या दिवशी मी मनुबाईंना काही बोलले नाही. आज सभेत बोलतेय.

मग त्यांनी टेबलावर चिंचोके मांडले. उपायाचा गुण असेल तर एक उजवीकडं, खोट असेल तर डावीकडं. लिंबू चोखणं, पाणी पिणं, शेकणं आणि गाठ तोंडाच्या दिशेनं चोळणं, यात कापाकापी नाही. पण कळ सोसायची, खडा निघेलच असं नाही, आणि पू झाला तर ताप. खडा पुढं सरकला तर जिभेखाली बारीक चीर देता येते, इथंच. पण जीभ बधिर होऊ शकते आणि खडा पुन्हा धरू शकतो. तिसरा उपाय शहरातला, जबड्याखालून ती लाळेची गाठच काढायची. त्या बाजूला पुन्हा खडा नाही. पण ओठाचा कोपरा लुळा पडू शकतो, जिभेलाही धोका. डावीकडं चिंचोक्यांचा ढीग झाला.

"जीभ बधिर झाली तर किती दिवस?" मी विचारलं.

"बहुतेक थोडे. कायमची होणारच नाही, असं मात्र सांगत नाही."

मालक शेजारी होते. म्हणाले, "तिसरंच करा. मुळातनं काढा."

"आवं, आन् काहील?"

"काहील जळू दे. तुला जेवताना बघवत न्हाई मला."

चाळीस वर्षांच्या संसारात काहिलीच्या वर मला बसवलं ते त्या दिवशी. पण मी उजवीकडचे चिंचोके पुन्हा मोजले आणि म्हटलं, आधी लिंबू.

महिनाभर चोखलं, चोळलं, रोज आरशात डोकावलं. सून म्हणायची, या वयात नट्टापट्टा. एका सकाळी उजव्या झऱ्याच्या तोंडाशी पांढरं टोक दिसलं. डॉक्टरांनी बारीक चीर दिली, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा टिपून माझ्या तळव्यावर ठेवला. जिभेची एक कड अकरा दिवस झोपली होती. बाराव्या दिवशी गोळी धरली आणि मान हलवली. मालक दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. धुरानं, म्हणाले.

नवे डॉक्टर, हा करंडा तुमचा. दाखवा लोकांना. चिंचोके जुन्या डॉक्टरांकडून मागून घ्या.

एक कबुली राहिली. खडा पुन्हा धरेल या भीतीनं कामाच्या गोळीपलीकडं मी अजून गोड खाल्लेलं नाही. हा तबकातला पेढा मी आता सगळ्यांसमोर खाते. डॉक्टर, जायच्या आधी एकदा जबड्याला हात लावून बघा.

डॉक्टर म्हणतायत, नाही फुगली.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार मानते. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला, आणि भरल्या तोंडानं बोलले, तेही.