दोन डावे पंख

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब, आदरणीय प्रमुख पाहुण्या, तपासणी विभागातले माझे सहकारी, आणि चहा निवतोय म्हणून माझ्याकडे काळजीनं बघणारे कँटीनचे मालक,

आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मीही कान देऊन ऐकत होतो, हा गृहस्थ आहे तरी कोण? अशा वेळी गळा दाटून यायला हवा, हे मला कळतं. येत नाही. माझी पत्नी गेल्यापासून हे असंच चाललंय. तुमच्या प्रेमात काही कमी आहे म्हणून नव्हे, राग मानू नका.

साहेबांनी ग्लायडरचा उल्लेख केला, म्हणून सांगतो. निवृत्तीनंतर मी घरच्यांचं डोकं खाऊ नये, या उदात्त हेतूनं विभागानं मला ती भेट आधीच देऊन टाकली होती. रिमोटवर चालणारं विमान. मोटरनं वर न्यायचं, मग मोटर बंद करून तरंगू द्यायचं. खोक्यात मात्र विमान नव्हतंच. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, एक मोटर, बॅटरी आणि चादरीएवढा नकाशा. नकाशावर पंख एकच, डावा. उजवा करायचा तर कागद उलटा करून, पाठीमागून उमटलेल्या रेषांवर जुळवायचा. म्हणजे डावा सोपा.

मी पत्नीला म्हणालो, सोपा तू कर. ती म्हणाली, तुम्ही करा. बराच वेळ हुज्जत घातली. मग नकाशाची एक झेरॉक्स काढून ती बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर बसली, मी जेवणाच्या. पंख तयार झाल्यावर पलंगावर शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्ही डावे. तिनं माझं ऐकलं होतं आणि मी तिचं. उभ्या संसारात असं प्रथमच घडलं होतं, मंडळी. आम्ही पोट धरधरून हसलो.

त्याच आठवड्यात ती गेली. हृदय बंद पडलं. विमान कपाटावर गेलं आणि मी कामावर येत राहिलो.

पुढे मुलगीच मागे लागली, बाबा, पूर्ण करा. लाकूड तेवढंच होतं. एक पंख सोडवून त्याचा उजवा करणं भाग होतं. पण कुणाचा? मी दोन्ही इथं आणून काट्यावर ठेवले, पट्टी लावली. माझा हलका आणि सरळ. तिचा जड, कारण डिंक सढळ हातानं लावलेला, आणि टोकाला पीळ पडलेला. तो नापास होता. मी मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईचा पंख आहे तो. कारखान्याचा माल नाही."

मी कोमट पाण्याच्या फडक्यानं माझ्या पंखाचे सांधे सोडवले. आता पंचाईत अशी, की एक पंख वाकडा आणि एक सरळ असेल तर विमान गिरक्या घेत खाली येतं. दोन्ही सारखेच हवेत. म्हणजे उजवाही तितकाच जड, तितकाच पिळलेला. आयुष्यभर वाकडं बाजूला काढणारा माणूस मी. महिनाभर बसून मापात वाकडेपणा केला. हात चालत होते. मन कुठे होतं, विचारू नका.

गेल्या रविवारी मोकळ्या मैदानावर मुलीनं ते हातानं सोडलं. वर गेल्यावर मी मोटर बंद केली. जड होतं, फार वेळ टिकलं नाही, पण अगदी सरळ गेलं. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी वाट बघत होतो, आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. विमान गवतात टेकलं, तसा मी शेजारी मान वळवून नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अगं, गेलं बघ सरळ."

शेजारी कुणी नव्हतं. मग मात्र मी तिथंच मटकन खाली बसलो आणि रडलो. मुलगी विमान आणायला निघाली होती, ती परत येऊन माझ्याजवळ बसली. बऱ्याच वेळानं आम्ही घरी गेलो. आज पुन्हा सगळं बधिर आहे, पण एकदा वाटलं होतं, एवढं मला माहीत आहे.

असो. आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. विमान बाहेर टेबलावर ठेवलंय, जाताना जरूर बघा. आपण सगळे तपासणीतली माणसं, नजर जाणारच. पण कृपा करून त्यात कुणी दुरुस्ती सुचवू नका.