फ्रॉकमधला लॉर्ड

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या हॉस्पिटलात आपल्या छोट्या लेकीला, अदितीला, ऑपरेशनला आत नेल्यापासून सुलेखा एका जागी बसून होती. वेटिंग रूममधल्या टीव्हीवर इंग्लंडच्या कुठल्याशा उमराव घराण्याचे जुने फोटो चालले होते. मागच्या खुर्च्यांवरून अचानक मराठी ऐकू आलं.

“अतुल, ही झालरीच्या फ्रॉकमधली मुलगी कोण रे?”

“मुलगा आहे तो, आई. शंभर वर्षांपूर्वी ही लॉर्ड मंडळी चार-पाच वर्षांपर्यंत मुलग्यांना फ्रॉकच घालायची.”

“दृष्ट लागू नये म्हणून?”

“नाही गं, तिथली फॅशनच होती.”

“तुला मी त्यासाठीच घालायचे. तुझ्या आधी गेलेल्या दोघांना नव्हता घातला.”

“आई, आज नको ना तो विषय.”

“तुझ्या देवांगसाठी त्याच्या ताईचा फ्रॉक आणलाय मी. पर्समध्ये आहे. नुसता अंगाला लावू दे त्याच्या.”

“त्याला मघाशीच आत नेलं.”

“शर्ट-पँटमध्ये?”

“नाही, हॉस्पिटलचा गाऊन घालून. गुडघ्यापर्यंत, मागे नाड्या. फुलाफुलांचा.”

“म्हणजे फ्रॉकच की.”

“…हो, आई. फ्रॉकच.”

“मुलीसारखा दिसत होता ना?”

“अगदी मुलीसारखा.”

“मग भिऊ नकोस. मुलींकडे कुणाची वाईट नजर जात नाही.”

सुलेखाची नजर ऑपरेशन थिएटरच्या दारावरून हलेना. आत तिची अदिती होती, मुलगीच.