पाचशे लिटरची फुलं

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाहीये, आईनं चार वेळा बजावलंय, पण तुम्हीच विचारलंत की सगळ्यांचे दोन दोन हंडे आणि या एकट्या पोरीचे सहा कसे, आणि तुम्ही काही मोखाड्याचे नाही, खोडाळ्याची जीप भरली की जाणार, अजून तिला तीन माणसं कमी आहेत, म्हणून सांगते. एरवी मी बोलत नाही. हजेरी घेताना सर म्हणतात, "चैती आलीय की नुसतं दप्तर आलंय?"

तर तुम्हाला सांगते, मार्चमध्ये जव्हारच्या एका महिला मंडळानं स्पर्धा काढली, 'फुलता ओटा'. भर मे महिन्यात ज्या ओट्यावर सगळ्यात जास्त रंग, त्याला बक्षीस. आणि बक्षीस काय? पाण्याची टाकी! पाचशे लिटरची, काळी, झाकणाची! म्हणजे बघा, फुलं लावायला पाणी हवं, आणि पाणी ठेवायला टाकी हवी तर आधी फुलं हवीत... पोट भरलेल्यालाच ताट वाढण्यातला प्रकार! पण मला ती टाकी हवी होती हो. रोज सकाळी टँकरच्या रांगेत मी, शाळेत पहिल्या तासाला उशिरा मी, गणिताचा शेवट मला नेहमी येतो पण सुरुवात मी कधी बघितलेलीच नाही. मनात म्हटलं, टाकी आली की एकदा भरायची आणि आठवडाभर हंड्याकडे बघायचंसुद्धा नाही!

आणि आईनं काय केलं? सकाळच्या एसटीनं जव्हार गाठलं आणि पंकज रोपवाल्याकडून फोटो बघून रोपं आणली. फोटो बघून! तो पंकज बोलतो कसा, "वहिनी, ही पिटूनिया बघा, ही डेलिया बघा, थंड हवेतली जात आहे, रंग बघून शेजारीण आजारी पडेल!" शेजारीण म्हटल्यावर आईनं सोळा घेतली. अहो, थंड हवेतली जात! आणि आमच्याकडे मार्चमध्येच पत्र्यावर पापड भाजतो. पण झाडाला विचारलं का कुणी, की बाई, तुला जमेल का मोखाड्यात?

मग सुरू झाले लाड. दर झाडाला पेलाभर पाणी, तेही पिण्याचं. दुपारी वर आईची जुनी साडी, आणि डेलियावर बाबांची छत्री. बाबा दारात उभे, "अगं सुशीला, मी ऑफिसला उन्हातून जाऊ आणि छत्री फुलाच्या डोक्यावर?" आई म्हणाली, "तुम्ही कोमेजणार आहात का?" बाबा गेले बिचारे डोक्यावर फाईल धरून. आणि तरी आठ दिवसांत पिटूनियानं मान टाकली, तेराव्या दिवशी डेलिया गेली. आईनं कुंड्या मोरीमागे नेऊन ठेवल्या आणि वर पोतं टाकलं, घरात कुणी गेल्यासारखं!

मी मात्र बघत होते. मला बघायला आवडतं, त्यात बोलावं लागत नाही. भर दुपारी बारा वाजता बाहेर पडायचं आणि बघायचं, या उन्हात हसतंय कोण? तर बाजाराजवळच्या भिंतीच्या फटीत सदाफुली. माती चिमूटभर, पाणी शून्य, आणि फुलं किती, सतरा! मोजली मी. खळ्याच्या कडेला कोंबडा फुललेला, लालभडक, बोट लावलं तर मखमल. आणि इथेच, या रांगेत, रामी आजीचा डबा! तुम्हाला आमची रांग माहीत नसेल. टँकर कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही, मग माणूस कशाला उभं राहील? भांडं उभं राहतं. भांड्याचा नंबर तो माणसाचा नंबर. आणि चांगलं भांडं कोण ठेवेल दिवसभर? म्हणून गळकं ठेवायचं, टँकर आला की पळत जाऊन चांगलं आणायचं. रामी आजीच्या गळक्या तेलाच्या डब्यात वाऱ्यानं माती भरलेली, आणि त्यात चिनी गुलाब! तेच हो, मऊ लोळणारं, जाडसर पानांचं. मी म्हटलं, "आजी, याला पाणी कोण घालतं?" तर म्हणते, "कोन घालनार? टँकरचा पायप गळतो, तेवढंच. त्याला पानी नको पोरी, ऊन पायजे. सावलीत नेलंस तर रुसतंय." मी एक पान चिमटलं, तर आतून पाणी आलं! म्हणजे बघा, एवढंसं झाड, आणि त्याची स्वतःची टाकी! आम्ही सोळा जणांना छत्र्या धरतोय आणि हे उन्हात लोळतंय. कुणी विचारलंच नव्हतं ना त्याला!

मग मी काय केलं... हे ते सांगायचं नाही ते. आमच्याकडची सगळी गळकी भांडी काढली. तेलाचे दोन डबे, कडी तुटलेली बादली, बाळुत्यासारखी मऊ झालेली एक प्लॅस्टिकची कळशी, तिचा वरचा गळा कापला. चिनी गुलाबाच्या काड्या, सदाफुलीची रोपं, कोंबड्याचं बी, सगळं त्यात लावलं आणि ती भांडी आणून ठेवली इथे. रांगेत! दिवसभर ऊन, पाणी भरताना बायका पाइप या हंड्यातून त्या हंड्यात नेणार, मधे सांडणार, ते आमच्या डब्यात. शेजारची गौरा काकू एकदा ओरडली, "कुणाचं गं हे माती भरलेलं भांडं पुढे आलंय?" आणि माझ्या डब्यावरून पाइप ओढत नेला. माझ्या मनात आलं, ओढ गं काकू, अजून जरा सावकाश ओढ! कळ्या धरल्या तसं एकेक भांडं उचलून घरी नेलं, ओट्यावर, अगदी उन्हात.

आणि गौरा काकूच्या ओट्यावर माहितीये काय होतं? प्लॅस्टिकचे गुलाब! आणि लोकांना खरं वाटावं म्हणून ती त्यांना रोज संध्याकाळी झारीनं पाणी घालायची!

तर आला परीक्षणाचा दिवस. जव्हारच्या मॅडम येणार होत्या अकराला, पण त्या विचार करतात माणसासारखा, उन्हाच्या आत उरकू या, आणि आल्या पावणेआठला. आणि चिनी गुलाब? मिटलेला! सगळ्या ओट्यावर शेवाळ्यासारखी हिरवी गुंतवळ, मधे चार सदाफुल्या. आई पांढरीफटक. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, पायरी उतरल्या. माझी टाकी पायरी उतरत होती हो! आणि कुठून आवाज आला ते मला अजून कळलेलं नाही, पण तो माझाच होता, "मॅडम, आमची फुलं अजून उठली नाहीत."

मॅडम थांबल्या. "म्हणजे?"

"ती उन्हाशिवाय उठत नाहीत. तुम्ही चहा घ्या, तोवर उठतील."

त्या हसल्या आणि बसल्या! एक चहा झाला, दुसरा झाला, आईनं नागलीची भाकरी केली. साडेनऊला ऊन ओट्यावर आलं, आणि एक उघडलं. मग बघता बघता गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी... सगळा ओटा! मॅडम उठून उभ्या राहिल्या, हातात भाकरीचा तुकडा तसाच. "पाणी किती घालता हो याला?" मी तोंड उघडलं आणि आईनं मागून चिमटा काढला. "तांदूळ धुतलेलं, मॅडम. थेंबभर." कारण बायकांना कळलं असतं तर? "पाणी आमचं सांडलेलं आणि टाकी तुमची?" आणि खरंच आहे ना ते! म्हणून तर रामी आजीला मी रोज एक कळशी नेऊन देते, ती मला काही विचारत नाही, नुसती हसते.

तर अशी टाकी आली. पंधरा दिवस झाले. बाबांनी दगड रचून वर चढवली, आईनं हळदकुंकू वाहिलं, मी झाकण उघडून आत बघितलं... कोरडी! आता टाकी काही भरून देत नाहीत बक्षिसात. पाचशे लिटर भागिले पंधरा लिटरचा हंडा, हे गणित मला सुरुवातीपासून आलं, चौतीस हंडे! आधी घराला रोज दोन पुरायचे. आता आई म्हणते, "रिकामी टाकी दारात बरी दिसत नाही, शेजारीण काय म्हणेल?" भरत आली की बाबा सकाळी टाकीच्या नळाखाली आंघोळ करतात, गाणं म्हणत, की परत चौतीस. रोपं घेताना झाडाला विचारलं नव्हतं, ठीक आहे, झाडाला तोंड नाही. पण टाकी चढवताना मला विचारलं का कु...

"चैतेऽऽ! टँकर आला ना! तिकडे कुणाशी बोलत बसलीस? सहाच आणलेस? सातवा कुठाय?"

आले गं आई!