डाव्या बाजूचा मान

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक तक्रार करते. आज दुपारी, ह्याच देवळाच्या स्वयंपाकघरात, आमच्या मंदाकिनीच्या सुनेनं लोणच्याच्या बरणीकडे हात नेला. नुसता नेला हो! आणि मंदाकिनीनं त्या हातावर पळी मारली. का? तर म्हणे, हिच्या हाताचं लोणचं टिकत नाही.

आता सांगा, प्रसादाच्या पानातली डावी बाजू, ती चटणी, ती कोशिंबीर, ती लोणच्याची फोड, कुणाच्या मालकीची? देवाची, की बरणीच्या तोंडावर दादरा बांधणारीची? सांगते मी. बसा. ऐका.

बोरवंड नावाचं गाव. तिथं सुंदराकाकू. हनुमानजयंतीच्या पंगतीत डावी बाजू वाढायचा मान त्यांचा. भात-वरण कुणीही वाढावं, पण पानात आधी पडायचं ते काकूंच्या हातचं. आणि लोणचं असं, की माणसं दर्शनाला येतात की लोणच्याला, ते त्या मारुतीलाच ठाऊक! काकूंना तरी दुसरं काय उरलं होतं? नवरा गेला, दात गेले, कपाटाच्या किल्ल्या मुलानं बायकोच्या कमरेला दिल्या. राहिली ती बरणी.

त्या साली काकूंना संशय आला — सून रेवती चोरून फोडी खाते! झालं. रोज आंघोळ झाली की बरणी फळीवरून उतरवायची, दादऱ्याची गाठ सोडायची, आत हात घालून फोडी चाचपायच्या. पण देवाच्या वस्तूला असं कसं शिवायचं? आधी हात धुवायचा. पुसायचा? छे! पुसायच्या फडक्याला कुणाचा हात लागला असला तर? तसाच निथळता हात बरणीत!

बायांनो, हसताय? म्हणजे तुम्हाला कळलं. काकूंना नाही कळलं. पुढं त्यांचा गुडघा धरला, फळीपर्यंत हात पोचेना. पण कुणाला म्हणतील बरणी काढून दे, तर शपथ! ती तशीच वर राहिली.

हनुमानजयंती आली. न सांगताच मुलानं बरणी उतरवून देवळात आणून ठेवली; पंगत बसली, पानं मांडली. काकूंनी हात धुतले, सगळ्यांदेखत गाठ सोडली, दादरा उचलला — आणि आत पांढरं मांजर झोपलेलं! बुरशी हो! एवढी दाट, एवढी मऊ.

काकूंचं बोट लगेच सुनेकडे वळलं. हिनंच हात लावला असणार.

रेवती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, सोडली असती तर पुन्हा तुमच्यासारखी गाठ बांधायला नको? ती तुम्ही मला कुठं शिकवलीत?"

काकूंनी उत्तर द्यायला हात उगारला. त्या हाताच्या कोपरावरून पाणी ओघळलं आणि थेंब बरणीत पडला. टप्प! सगळ्या बायकांनी ऐकला. काकूंनीही.

पंगत खोळंबलेली. डावी बाजू रिकामी ठेवून भात वाढायचा कसा? रेवतीनं पदर खोचला. कैऱ्या किसल्या, तिखट-मीठ-गूळ कालवला, वरून हिंग-मेथीची चरचरीत फोडणी. तक्कू तयार! वाडगं सासूपुढं धरून म्हणते कशी, "वाढा. गुडघा दुखत असेल तर मी वाढते."

काकूंनी वाडगं हिसकावूनच घेतलं.

पहिल्या पानावर धोंडू गुरव. बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. म्हणाला, "काकू, आजवरचं सगळं मागं टाकलंत. काय घातलंत ह्यात?"

आता बघा हं! नुसतं हसल्या असत्या तरी मान राहिला असता. सून तोंड उघडणार नव्हती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. काकूंच्या जिभेवर 'हिंग' आलासुद्धा. मग त्यांनी समोरच्या शेंदरी मूर्तीकडे पाहिलं. ती काही मदत करीना. शेवटी काकूच बोलल्या.

"मी नुसती वाढतेय. केलंय माझ्या सुनेनं. काय घातलं, ते मलाही तिलाच विचारायचंय."

मंडळी, त्या मारुतीला त्या दिवशी काय गोड लागलं असेल? तक्कू? तुम्हीच ठरवा. आणि घरी गेल्यावर आपापल्या फळ्या बघा. कुणी पुरणाचं प्रमाण झाकून ठेवलंय, कुणी मसाल्याचं. कुणी तर पोटच्या मुलालाच दादरा बांधून बसवलंय!

मंदाकिनी, खांबाआड सरकू नकोस, इकडं बघ. उद्या काल्याच्या पंगतीत बरणी तुझी सून उघडेल. तू पानावर बसायचंस, ती वाढेल ते खायचंस, आणि चांगलं लागलं तर शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचंस.